शेवट माहीत आहे, पण जागा कुठाय?

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे डाव्या बाजूला दोन-तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय ऐकून काहींना वाटलं असेल की रोमँटिक कॉमेडीवर काय बोलणार तासभर. मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी लोन काउंटरला, आणि शाळेत असल्यापासून सिनेमे बघत आलेय, त्यामुळे मी जे बोलणार ते या दोन्हीच्या मधून येणार.

आमच्या जाऊबाईंपासून सुरुवात करते. त्यांच्यासोबत असा सिनेमा बघायला बसलं की पाचव्या मिनिटाला त्या सांगणार, हा हिच्याशी लग्न करणार, तो दुसरा आहे ना त्याला शेवटी गाडीतून जाताना दाखवणार, आणि मधे एकदा भांडण होणार ते गैरसमजातून. आणि खरंच तसंच होतं. मग सिनेमा संपला की म्हणायचं, काय ते, सगळं आधीच कळलं. पण मंडळी, त्याच जाऊबाई 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर लागला की हातातलं काम टाकून बसतात, आणि तो त्यांनी किती वेळा पाहिलाय त्याची गणती नाही, प्रत्येक डायलॉग पाठ आहे, म्हणजे शंभर टक्के प्रेडिक्टेबल, त्याहून प्रेडिक्टेबल काय असणार. मग तिथे तक्रार का नाही? मला हा प्रश्न खूप वर्षं पडलेला आहे आणि आज मी त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. या प्रकारात शेवट माहीत असणं हा काही नवा रोग नाही. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' घ्या. राजा मालविका नावाच्या एका दासीच्या प्रेमात पडतो, राण्या चिडलेल्या, विदूषक उद्योग करतोय, आणि बघणाऱ्याला पहिल्या अंकापासून माहीत असतं की ही मुलगी साधी दासी नसणार. ती राजकन्या निघते. तरी लोक बसून बघत होते, कारण मधे तो विदूषक साप चावल्याचं नाटक करतो आणि राणीची सापाच्या मुद्रेची अंगठी मिळवून त्या अंगठीवर मालविकेला कोठडीतून सोडवतो, ते बघायचं असतं. लग्न होणार हे ठरलेलं, कोठडीतून बाहेर कशी येणार हे ठरलेलं नाही.

आपल्याकडे 'संशयकल्लोळ' आहे. देवलांनी ते फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकावरून आलेल्या इंग्रजी नाटकाच्या आधाराने लिहिलं, आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' म्हणून, आणि मग १९१६ मधे गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत करून आणलं. पूर्ण नाटक गैरसमजावर उभं आहे, एक तसबीर चुकीच्या हातात पडते आणि सगळे एकमेकांवर संशय घेतात. आता माझी आजच्या सिनेमांवरची मुख्य तक्रारच गैरसमजाबद्दल आहे, ती पुढे येईलच, तर कोणी म्हणेल मग 'संशयकल्लोळ' कसं चालतं तुम्हाला? चालतं, कारण फाल्गुनरावाचा स्वभावच संशयी आहे. ती तसबीर नसती सापडली तर त्याला रुमाल सापडला असता, किल्ली सापडली असती, काहीही. गैरसमज बाहेरून आणून चिकटवलेला नाहीये, तो माणसाच्या आतून आलाय, आणि असे फाल्गुनराव आपण सगळ्यांनी नात्यात बघितलेत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की शेवट माहीत असला तरी काही बिघडत नाही, बिघडतं ते अडथळा खोटा असला की. दोघांना एकत्र यायचंय हे आपल्याला दिसतंय, मग ते आत्ता का येत नाहीत, काय आडवं आलंय? त्या आडव्या आलेल्या गोष्टीवर आपला विश्वास बसला तर आपण दोन तास बसतो. नाही बसला तर जाऊबाई म्हणतात तसं होतं, सगळं आधीच कळलं. खरं म्हणजे कळलेलं सगळीकडेच असतं, फक्त खोट्या सिनेमात दुसरं काही बघण्यासारखं नसल्यामुळे ते कळलेलं डोळ्यावर येतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला वाटतं १९३४ चं आहे, फ्रँक काप्राचं 'इट हॅपन्ड वन नाइट'. त्याला पाच मोठी ऑस्कर मिळाली, सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, सगळी. त्याच्यावरून आपल्याकडे १९५६ ला राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' झाला आणि १९९१ ला आमिर खान-पूजा भटचा 'दिल है के मानता नहीं'. म्हणजे आपल्या आई-वडिलांना शेवट माहीत, आपल्याला माहीत, तरी तिन्ही वेळा लोक गेले. श्रीमंत बापाची मुलगी घरातून पळालीय, बसने मायामीहून न्यूयॉर्कला निघालीय, आणि बसमधे एक पत्रकार भेटतो ज्याला तिची बातमी पाहिजे. अमेरिकेत तेव्हा मंदीचा काळ, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या. त्यामुळे त्या प्रवासात प्रत्येक ठिकाणी पैसे मोजलेले आहेत. तिची बॅग चोरीला जाते, पैसे संपत येतात, दोघांना एकाच खोलीत राहावं लागतं कारण दोन खोल्या परवडत नाहीत, मग तो मधे दोरी बांधून त्यावर चादर टाकतो. ती चादर खूप गाजली. पण मला त्याच्यापेक्षा शेवटाकडचा एक सीन जास्त प्रिय आहे.

मुलगी घरी परत गेलीय, दुसऱ्याच माणसाशी तिचं लग्न लागणार आहे, आणि हा पत्रकार तिच्या बापाला भेटायला येतो. बापाने मुलीला शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं असतं. बापाला वाटतं आला हा पैसे मागायला. आणि हा खिशातून हिशोबाचा कागद काढतो आणि म्हणतो माझे ३९ डॉलर ६० सेंट द्या. वाटेत पेट्रोलसाठी त्याने आपला ओव्हरकोट, बॅग, हॅट सगळं विकलेलं असतं, तेवढाच खर्च त्याला परत हवाय, एक पैसा जास्त नको. बाप त्याच्याकडे बघतच राहतो. त्याला तिथे कळतं की हा माझ्या मुलीवर प्रेम करतो. बघा, एवढी मोठी प्रेमाची कबुली आणि ती कशात आहे तर खर्चाच्या हिशोबात. मी बँकेतली बाई, मला तो ६० सेंटचा आकडा फार आवडतो. चाळीस डॉलर असं गोळा बेरीज करून सांगितलं असतं तर ते लेखकाचं वाटलं असतं. एकोणचाळीस साठ म्हटल्यावर तो माणूस खरा होतो, त्याने रात्री कुठेतरी बसून पेन्सिलने ती बेरीज केली असणार.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या मुंबई-पुण्याच्या प्रेमकथांमधे खरा अडथळा कुठला? जात आहे, तिच्याकडे येतेच. पण कॉमेडीमधे जो सगळ्यात जास्त वेळा आला आणि सगळ्यात खरा आला तो म्हणजे जागा. राहायला जागा, बसायला जागा, दोन शब्द बोलायला जागा. १९७० साली राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' आला, ज्याच्यावरून बासू चटर्जींनी दोन वर्षांनी हिंदीत 'पिया का घर' केला. त्यात गंमत अशी की लग्न सुरुवातीलाच होऊन जातं. म्हणजे जो शेवट सगळ्यांना माहीत असतो तो आधीच उरकून टाकला, आणि मग सिनेमा विचारतो की आता हे नवरा-बायको बोलणार कुठे? चाळीतलं घर, भरलेलं कुटुंब, नव्या जोडप्याची पथारी स्वयंपाकघरात. कोणी दुष्ट नाही त्या घरात, सासू चांगली, सगळे चांगले, आणि तरी दोघांना एक क्षण मिळत नाही, हेच त्यातलं दुःख आणि हेच त्यातलं हसू.

इथे थोडं माझं सांगते. माझं लग्न १९८७ चं, डोंबिवलीला वन रूम किचन, आणि आम्ही सहा माणसं. सासू-सासरे, दीर, नणंद, आम्ही दोघं. भांडायचं असलं तरी कुठे भांडणार, सगळ्यांना ऐकू जायचं, त्यामुळे भांडणसुद्धा डोळ्यांनीच. मग यांनी एक युक्ती काढली. संध्याकाळी मी साडेसहाच्या गाडीने उतरायचे आणि हे सात-पावणेसातच्या, तर मी घरी न जाता प्लॅटफॉर्मच्या कल्याणकडच्या टोकाला जो बाक होता तिथे बसून राहायचे. दोघांकडे पास, त्यामुळे प्लॅटफॉर्म तिकिटाचा प्रश्न नाही, टीसीने विचारलं तर पास दाखवायचा. अर्धा तास आमचा. गाड्या यायच्या जायच्या, फास्ट गाडी थ्रू गेली की बोलणं थांबवायचं, ती गेली की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू. मोठ्या मुलाचं नाव आम्ही त्या बाकावर ठरवलंय. घरी सांगायचो गाडी लेट होती. सासूबाईंना माहीत होतं हे मला फार नंतर कळलं, नणंदेने सांगितलं, की आई मुद्दाम साडेसातपर्यंत कुकर लावायची नाही.

हे सगळं चालू असताना १९८८ ला 'बनवाबनवी' आला आणि आम्ही दोघं तो थिएटरला जाऊन पाहिला. लोक म्हणतात काय अशक्य गोष्ट आहे, दोन पुरुष साड्या नेसतात आणि कोणाला कळत नाही. बरोबर आहे, ती अशक्यच आहे. पण ते साड्या का नेसतात? कारण पुण्यात चार बॅचलर मुलांना कोणी खोली देत नाही, घरमालकीणबाईंना जोडपी हवीत. हे कारण इतकं खरं आहे की त्याच्यावर तुम्ही कितीही अशक्य इमारत बांधा, ती उभी राहते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून घेतलेली, आणि बघा, नावातच मकान आहे. आम्ही हसून हसून बेजार झालो आणि बाहेर येऊन हे म्हणाले, खोलीसाठी मी पण नेसली असती. जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळतं. शेवट पाठ आहे पण ती खोलीची चणचण आपल्या ओळखीची आहे, दर वेळी ती तशीच लागते.

म्हणजे रिॲलिझमचा अर्थ मी असा घेते. सगळं घडण्यासारखंच पाहिजे असा हट्ट नाही, घडण्यामागचं कारण खरं पाहिजे.

बासू चटर्जी यात उस्ताद होते. 'छोटी सी बात' मधला अमोल पालेकर आठवा, १९७६ चा. तो रोज बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा राहतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि असरानी स्कूटर घेऊन येतो, ये बस म्हणतो आणि तिला घेऊन जातो. बस. एवढाच व्हिलन, एक स्कूटर. त्या काळात स्कूटरचं काय महत्त्व होतं ते आज सांगून कळणार नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे लोक. पालेकर मग जुनी मोटरसायकल घेतो आणि ती धड चालतच नाही. त्याच्या भित्रेपणाची जी काही ट्रेनिंग पुढे अशोककुमार त्याला खंडाळ्याला देतो ती सगळी गंमत आहे, ती कोणी खरी मानू नये, पण बसच्या रांगेतला तो माणूस खरा आहे. मी ज्या रांगेत उभी राहायचे त्यात असे तीन तरी होते.

सई परांजप्यांबद्दल तर स्वतंत्र बोलायला पाहिजे, आज वेळ नाही. फक्त 'कथा' चं सांगते, १९८३, श. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावरून केलेला. आता नाव ससा आणि कासव म्हटल्यावर शेवट काय ते पोरंसुद्धा सांगतील! कासव जिंकणार. आणि कासव जिंकतंच, म्हणजे नसीरुद्दीन शाहाचं नायिकेशी, संध्याशी, लग्न ठरतं. पण ससा, तो फारुख शेख, तिला फसवून निघून गेल्यानंतर ठरतं. आणि ती नसीरपासून हे काही लपवत नाही. त्यामुळे तो जो विजय आहे तो बघताना टाळ्या वाजवाव्यात की गप्प बसावं कळत नाही. सगळ्यांना माहीत असलेला शेवट देऊन त्याची चवच बदलून टाकली. मला वाटतं प्रेडिक्टेबल शेवटाचा यापेक्षा हुशार वापर आपल्याकडे कोणी केला नसेल.

मराठीत अलीकडचं म्हणाल तर सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई', २०१०. मुंबईची मुलगी पुण्यात येते ती मुलाला नकार द्यायला, आणि दिवसभर एका अनोळखी मुलासोबत फिरते. तो मुलगा कोण असणार हे थिएटरमधे अर्ध्या लोकांना लवकरच कळलेलं असतं. मलाही कळलं होतं. पण बघण्याच्या कार्यक्रमाचा तिला जो राग आहे, की कोणीतरी पत्ता दिला आणि मी तिथे हजर व्हायचं, तो राग आपल्या घराघरात आहे. आणि मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी बोलतात कसे तर ज्यांना एकमेकांसमोर चांगलं दिसायची गरज नाही तसे बोलतात, कारण संध्याकाळनंतर भेटणारच नाही आहोत असं धरून चाललेत. पोह्यांची बशी मधे नसली की दोन माणसं किती मोकळी बोलतात, हे त्या सिनेमाने फार छान दाखवलं.

आता जात. हे मी टाळणार नाही म्हटलं होतं. आपल्या रोमँटिक कॉमेडीने सगळ्यात जास्त जे टाळलंय ते हे. हिरो-हिरॉइनची आडनावं अशी ठेवायची की प्रश्नच येऊ नये, आणि मग अडथळा कुठला तर गैरसमज. तिने त्याला दुसऱ्या मुलीसोबत कॅफेत बघितलं, फोन उचलला नाही, निघाली परदेशी, हा एअरपोर्टवर धावतोय. अरे एक मेसेज टाक ना, ती माझी चुलत बहीण होती म्हणून. एका मेसेजने जो अडथळा जातो त्याच्यावर पाऊण तास काढायचा आणि त्याच वेळी जो अडथळा हजारो वर्षं जात नाहीये त्याचं नाव घ्यायचं नाही, हा मला मोठा दोष वाटतो आणि मी त्याच्यावर चिडते. नागराज मंजुळेंच्या 'सैराट' चा इंटरव्हलपर्यंतचा भाग आठवा, २०१६ चा. विहिरीतल्या उड्या, चिठ्ठ्या, बुलेटवरची आर्ची, मित्रांची धमाल, ही रोमँटिक कॉमेडीच आहे. आणि सवयीप्रमाणे आपण मनात तो नेहमीचा शेवट लावूनही टाकतो. मग जो शेवट येतो त्यानंतर थिएटरमधे आवाज नव्हता, मी स्वतः खुर्चीतून उठू शकले नाही. आपली ती सुखी शेवटाची सवय किती घट्ट आहे आणि प्रत्यक्षात ती कशी मोडली जाते, हे दोन्ही त्या एका सिनेमात आहे. तो बघितल्यापासून मी प्रत्येक गोड सिनेमात आडनावं ऐकायला लागलेय.

मी असं म्हणत नाहीये की सगळ्यांनी सैराट करावा. सुखी शेवट मला हवा आहे, अगदी मनापासून हवा आहे, दिवसभर कामं करून माणूस बसतो तेव्हा त्याला ते मिळालं पाहिजे. रॉब रायनरच्या 'व्हेन हॅरी मेट सॅली' मधे, १९८९ चा, आधी दोघं एकत्र येणारच नव्हते, तसा शेवट ठरला होता. रायनरचा घटस्फोट झालेला, त्याला दोघांचं एकत्र येणं खरं वाटत नव्हतं. मग सिनेमा करतानाच त्याला त्याची पुढची बायको भेटली आणि त्याने शेवट बदलला. लोक म्हणतील तडजोड केली. मला नाही तसं वाटत, त्याच्या आयुष्यात जे खरं झालं तेच त्याने पडद्यावर ठेवलं. दुःखी शेवट म्हणजे खरा आणि सुखी म्हणजे खोटा असं काही नसतं हो. डोंबिवलीच्या त्या बाकाचा शेवट सुखीच झाला, आणि तो खराच आहे.

मगाशी चहाच्या वेळी एका मुलीने मला विचारलं की आता जोडप्यांना कॅफे आहेत, गाड्या आहेत, मग आज खरा अडथळा दाखवायचा तरी कुठला? तिला मी म्हटलं तुला एक सीन सांगते, लोन काउंटरचा, माझ्या डोळ्यासमोर घडलेला. नावं नाही सांगणार.

एक मुलगा मुलगी आले, दोघं नोकरीवाले, एकेकट्याच्या पगारावर फ्लॅट बसत नव्हता, दोघांचे पगार धरले तर बसत होता. फॉर्म भरताना एक रकाना असतो, सहअर्जदाराशी नातं. मुलाने पेन घेतलं आणि थांबला. मी सांगितलं की आमच्याकडे नवरा-बायको किंवा जवळचं रक्ताचं नातं लागतं. मुलगी म्हणाली लग्न घर झाल्यावर करणार आहोत, मॅडम, घर नाही तर राहणार कुठे? मी म्हटलं आणि लग्न नाही तर लोन नाही होणार. तिघंही गप्प. मागे रांग, टोकन नंबर पुकारतायत, पंखा फिरतोय. दोघांच्या घरून विरोध होता हे त्यांच्या आडनावांवरून मला कळलं होतं, मी काही विचारलं नाही. मग ती मुलगी म्हणाली, मग रजिस्टर करून टाकू, या सोमवारी जाऊ. मुलगा फॉर्मकडे बघत म्हणाला, सोमवारी नाही होत, आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात.

ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, तुला कसं माहीत?